न ओढलेल्या सिगारेटचा धूर

सिगारेट ओढणारा स्वतःचे नुकसान करून घेतो. पण शेजारी बसलेल्याचे काय? जपानमध्ये ताकेशी हिरायामा यांनी धूम्रपान न करणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची १४ वर्षे नोंद ठेवली. नवऱ्याच्या सिगारेटी जितक्या जास्त, तितका बायकोला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका जास्त, असे त्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले. आपल्याकडे मुंबईच्या मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी शाळा, रुग्णालये, ग्रंथालये, रेल्वे अशा सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी केली. धूम्रपान न करणाऱ्याच्याही जगण्याच्या हक्काचा हा प्रश्न ठरला. पुरावा मात्र मिळाला होता घरात, आणि ही बंदी घराच्या उंबऱ्याशीच थांबते. तिथे बोलायचे ते आपणच.