अर्धी मिटलेली पोथी

परवा दुपारी नात लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली. "आजी, तुला एक गंमत दाखवते," म्हणाली. ती आणि तिचे दोन मित्र मिळून एक गेम करताहेत. गेम म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे बंदुका आणि मोटारींच्या शर्यतीच येतात. पण ही तशी नाही, गोष्ट सांगणारी आहे. चित्रं सगळी कागदावर हाताने काढायची, रंगवायची, मग स्कॅन करून हलती करायची. मोठी कंपनी पाठीशी नसताना दोघा-चौघांनी केलेल्या अशा गेमला इंडी गेम म्हणतात, हे ज्ञान मला वयाच्या पंचाहत्तरीत झालं. असो.

तिने नमुना म्हणून गोळा केलेली चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि मी चष्मा नीट केला. टपोरे डोळे, टोकदार नाकं, हातात गदा घेतलेला मारुती. अहो, ही तर आमची पिंगुळीची चित्रकथी!

"कुठून आणलीस ही?"

"नेटवरून. जुनी आहेत गं, कॉपीराइट वगैरे नाही. आम्ही स्टाइल घेणार, गोष्ट आमची."

तिचं काही चुकत होतं असं नाही. पण मला एकदम १९७९ सालची एक दुपार आठवली आणि मी गप्प झाले. ती गोष्ट मी आजवर घरी कुणाला सांगितली नव्हती.

तेव्हा मी कुडाळ तालुक्यातल्या एका शाळेत शिकवत होते. एके दिवशी पिंगुळीकडचे एक चित्रकथी आपल्या दोन साथीदारांना घेऊन शाळेत आले. मुलांना कथा ऐकवतो, जे काय द्याल ते द्या, म्हणाले. सहामाही परीक्षा तोंडावर होती. हो-नाही करता करता सातवी आणि आठवीचा मिळून एक तास द्यायचं ठरलं. तास म्हणजे पस्तीस मिनिटं, आणि त्यातली दहा मुलांना ओळीत बसवण्यातच गेली. बाबांनी पोथी उभी टेकवून ठेवली, टाळ वाजू लागले आणि अहिरावण-महिरावणाचं आख्यान सुरू झालं. राम-लक्ष्मणांना पाताळात पळवून नेलं, मारुती त्यांच्या शोधात निघाला, पाताळाच्या दारापर्यंत पोचला... आणि घंटा झाली. मी उठून सांगितलं, "बाबा, आता पुरे करा, गणिताचा तास आहे."

ते चिडले नाहीत. पोथीवरचा हात न काढता म्हणाले, "बाई, पोथी उघडल्यार अर्धी मिटूची नसता." मी घड्याळाकडे पाहिलं. त्यांनी पोथी मिटली, फडक्यात बांधली, दिलेले पैसे कपाळाला लावले आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलाने मला विचारलं, "बाई, रामाक सोडवल्यानी काय?" मी दोन वाक्यांत उरलेली गोष्ट सांगून टाकली. त्याचं तोंड अजून डोळ्यांपुढे आहे. त्याला माहिती नको होती, गोष्ट हवी होती.

चित्रकथी ही परंपरा किती जुनी? चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्रांच्या आधाराने कथा सांगणाऱ्याचा उल्लेख आहे. त्याच्याही फार आधीच्या, महावीरांच्या काळातल्या आजीवक पंथाचा मक्खलि गोशाल घ्या. त्याचा बाप मंख होता, म्हणजे चित्रं दाखवत गावोगाव फिरणारा, असं जैन ग्रंथ सांगतात. आपल्याकडे ही कला टिकली ती सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने, पिंगुळीच्या ठाकर समाजात. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळही त्यांचेच.

पोथी म्हणजे एका आख्यानाच्या सुट्या चित्रांचा गठ्ठा. चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. म्हणजे पान उलटलं की पाठीवर पुढचा प्रसंग. पण चित्रात सगळं नसतं हो! एका चित्रापुढे किती वेळ थांबायचं, कुठे गायचं, कुठे बोलायचं, समोर बायाबापड्या जास्त असतील तर सीतेचा शोक किती लांबवायचा, हे सगळं सांगणाऱ्याच्या हाती. पोथी म्हणजे अर्धी कथा. उरलेली अर्धी त्याच्या गळ्यात.

आणि पुढे झालं काय? अर्धी तेवढी जपली गेली. जुनी चित्रं संग्रहालयांत गेली. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती मी स्वतः पाहिली आहेत. पैठणला मिळाली म्हणून अशा चित्रांना 'पैठण शैली' असं नावही पडलं. जपली हे चांगलंच झालं, नाहीतर वाळवीने खाल्ली असती. पण काचेमागे ती मुकी उभी असतात. खाली पाटीवर शतक असतं, सांगणाऱ्याचं नाव नसतं. तीच चित्रं आता नेटवरून माझ्या नातीच्या लॅपटॉपमध्ये आली होती, तशीच मुकी.

हे सगळं तिला सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "पण आजी, गेममध्ये आवाज असतो." आणि तिने मला तिच्या आवडत्या दोन-तीन गेम खेळून दाखवल्या. (मी खेळले नाही, बोटं ऐकत नाहीत. ती खेळली, मी पाहिलं.)

हाताने केलेल्या वस्तू गेममध्ये आणण्याचा उद्योग तसा नवा नाही म्हणे. १९९६ साली अमेरिकेत 'द नेव्हरहूड' नावाची गेम आली, ती सगळी मातीची. तीन टनांहून अधिक माती लागली होती! आमच्या गणपतीच्या शाळेतसुद्धा एवढी माती येत नसेल. मग लंडनच्या 'स्टेट ऑफ प्ले' या छोट्या मंडळींची 'लुमिनो सिटी'. दहा फूट उंचीचं अख्खं शहर त्यांनी कागद, पुठ्ठा, चिमुकले दिवे आणि मोटारी वापरून खरोखर बांधलं आणि त्याचं चित्रीकरण केलं. त्यात एक मुलगी हरवलेल्या आजोबांना शोधत फिरते. पुठ्ठ्याची कापलेली कड दिसते, कागदावर खऱ्या दिव्याचा उजेड पडतो. हस्तव्यवसायाच्या तासाला आम्ही मुलांकडून आगपेटीची घरं करून घ्यायचो, त्यांचं हे पणतवंड. मला फार आवडली.

पण मी खरी सावरून बसले ती तिसऱ्या गेमला. 'नेव्हर अलोन', साल २०१४. उत्तर अलास्कातल्या इन्युपिआक लोकांची कथा. न संपणारं हिमवादळ येतं, ते कुठून येतं हे शोधायला एक लहान मुलगी निघते, सोबतीला पांढरा कोल्हा. मधले कथाभाग स्क्रिमशॉच्या धर्तीवर काढले आहेत. स्क्रिमशॉ म्हणजे वॉलरसच्या सुळ्यावर बारीक रेघा कोरून त्यांत काळा रंग भरायचा. त्या मुलखात हे कोरीवकाम जुनं आहे. आपल्या सुताराचा दोरीने फिरवायचा सामता असतो ना, तसल्या हत्याराच्या सुळ्याच्या धनुकलीवर ते लोक शिकारीचे प्रसंग कोरत. आणि वर आवाज एका वृद्धाचा, इंग्रजीत नाही, इन्युपिआक भाषेत! खाली इंग्रजी ओळी येतात. मला त्यातला एक शब्द कळला नाही, पण तो थांबायचा तिथे मीही थांबत होते.

मग नातीने तिचा इतिहास वाचून दाखवला. अँकरेजला तिथल्या मूळनिवासींसाठी काम करणारी कुक इनलेट ट्रायबल कौन्सिल नावाची संस्था आहे. नुसत्या सरकारी अनुदानावर किती दिवस काढायचे, स्वतःची मिळकत हवी आणि पोरांपर्यंत आपल्या कथाही पोचायला हव्यात, म्हणून त्यांनी ई-लाइन मीडिया या कंपनीबरोबर ही गेम केली. जवळजवळ चाळीस वडीलधारी आणि कथेकरी मंडळी त्यात होती. खेळता खेळता त्यांच्या बोलण्याच्या छोट्या फिती उघडत जातात, एकूण चोवीस.

आणि माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट ही. मूळ कथा सांगितली होती रॉबर्ट नासरुक क्लीव्हलँड या कथेकऱ्याने. तो हयात नव्हता. मंडळी त्याच्या म्हाताऱ्या लेकीकडे गेली, मिनी ग्रे यांच्याकडे, आणि परवानगी मागितली. मूळ कथेत मुलगा होता, त्याची मुलगी करायची होती, तेही विचारलं. त्यांनी हो म्हटलं. सरधोपट मार्ग असा होता की लोककथा आहे, लोककथेला कसला आला मालक! २०१५ साली लंडनच्या बाफ्टा समारंभात या गेमला पदार्पणाचं बक्षीस मिळालं. त्याच समारंभात कलाकामगिरीचं बक्षीस त्या कागदी 'लुमिनो सिटी'ला.

आपल्याकडेही कुणी केलंय का, असं मी विचारलंच. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ची 'राजी' २०२० साली आली. खेळ करणाऱ्या कुटुंबातली राजी धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांच्या तावडीतून सोडवायला निघते आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. २०१७ साली लोकवर्गणीचा प्रयत्न फसला, तेव्हा संस्थापकांपैकी एकीने आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवलं. शाब्बास पोरी! चित्रं पहाडी शैलीच्या वळणाची आहेत, मधले प्रसंग छायाबाहुल्यांचे. सुंदरच आहे. पण पुण्यात बसून हिमालयापर्यंत नजर गेली आणि पिंगुळीवरून निसटली, याची मला थोडी रुखरुख वाटली. कोकणातल्या माणसाचा हा जुनाच रोग, मनावर घेऊ नका.

नात म्हणाली, "मग आम्ही कुणाला विचारायचं? शेकडो वर्षांची चित्रं, काढणाऱ्याचं नाव नाही."

म्हटलं, नाव नसेल, गाव आहे ना. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, ती या कलेसाठीच. त्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं. तिथे पोथ्या आहेत, बाहुल्या आहेत आणि मुख्य म्हणजे कथा सांगणारी माणसं आहेत. तिथे जाऊन सांग की आम्ही असं असं करतोय. ते नाही म्हणाले तर?

"नाही म्हणाले तर दुसरी स्टाइल शोधू," ती म्हणाली, पण जरा पडल्या आवाजात. सहा महिन्यांचं काम आहे, मलाही कळतं. तिच्या मित्राला हे मुळीच पटलेलं नाही. आजीला गेममधलं काय कळतं, असं तो म्हणाला असणार. ती तसं सांगत नाही एवढंच.

सध्या तिने त्या चित्रांचं फोल्डर बाजूला ठेवलं आहे. येत्या मे महिन्यात कोकण रेल्वेचं रिझर्वेशन मिळालं की आम्ही दोघी कुडाळला जाणार आहोत. स्कॅनर बरोबर घ्यायचा का, विचारत होती. म्हटलं, तो राहू दे, आवाज चांगला टिपेल असं काहीतरी घे. आणि त्यांना विचार, अहिरावण-महिरावणाची पोथी आहे का? असेल तर मला पाताळाच्या दारापासून पुढे ऐकायची आहे. सातवीतला तो मुलगा आता साठीच्या जवळ आला असेल, कुडाळातच असला तर त्यालाही बोलावीन म्हणते.