फी भरतो कोण?

मराठी घरांत ‘मिशनरी कॉलेज’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. नावात ‘सेंट’ असले, आवारात क्रूस दिसला, की झाले मिशनरी कॉलेज. मुंबईचे विल्सन मिशनरी, झेवियर्स मिशनरी आणि दिल्लीचे सेंट स्टीफन्सही मिशनरी. प्रत्यक्षात विल्सन कॉलेजची मुळे १८३२ साली डॉ. जॉन विल्सन यांनी काढलेल्या शाळेत आहेत आणि विल्सन होते स्कॉटलंडचे प्रॉटेस्टंट. सेंट स्टीफन्स १८८१ साली सुरू केले ते केंब्रिजहून आलेल्या अँग्लिकन मंडळींनी. या तिघांत कॅथलिक म्हणायचे ते एकटे झेवियर्स. पुण्याचे सेंट मीरा तर ख्रिस्ती नव्हेच. ते साधू वासवानी मिशनचे कॉलेज आहे आणि त्या नावातली मीरा म्हणजे आपली मीराबाई!

बारावीच्या निकालाच्या दिवसांत ओळखीचे पालक मला हमखास विचारतात, की मुलाला कॅथलिक कॉलेजात घालायचे आहे, तर कोणते निवडावे? त्याच्या विषयाला कोणते चांगले आणि आपल्या खिशाला कोणते झेपेल? आता मी पडलो इतिहासाचा माणूस. पण मला खरोखरच वाटते, की या प्रश्नाचे उत्तर रंगीत माहितीपुस्तिकेपेक्षा इतिहासात अधिक चांगले सापडते. या कॉलेजांच्या पावणेपाचशेहून अधिक वर्षांच्या वाटचालीत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो. तो म्हणजे, विद्यार्थ्याने फी भरायची नसेल, तर ती भरायची कोणी?

सुरुवात झाली ती मोफत शिक्षणाने. इग्नेशियस लॉयोला यांच्या येशूसंघाला १५४० मध्ये पोपची मान्यता मिळाली. या संघाचे लोक दारिद्र्याचे व्रत घेत. आपल्या सेवेबद्दल मोबदला घ्यायचा नाही, हा त्यांचा नियम होता आणि तो शिकवण्यालाही लागू होता. १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना शहरात त्यांनी बाहेरच्या मुलांसाठी पहिले कॉलेज काढले, तेव्हा खर्च शहराने उचलला. १५५१ मध्ये रोममध्ये शाळा उघडली. तिच्या दारावरच्या पाटीत विषयांच्या नावांबरोबर ‘मोफत’ हाही शब्द होता. पद्धत अशी, की कॉलेज काढायचे तर आधी कोणा राजाने, सरदाराने किंवा नगराने जमीन नाहीतर कायमचे उत्पन्न लावून द्यायचे. त्यामुळे गरिबाचा मुलगा आणि सावकाराचा मुलगा एका बाकावर बसू शके. त्या काळाच्या मानाने ही फार मोठी गोष्ट होती.

याच सुमारास आपल्या शेजारी, गोव्यात, काय घडत होते? जुन्या गोव्यात १५४१ मध्ये एक धर्मशिक्षण संस्था स्थापन झाली. तीच पुढे येशूसंघाकडे आली आणि सेंट पॉल्स कॉलेज म्हणून आशियाभर प्रसिद्ध झाली. फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात उतरले, ते इथेच राहत. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ मध्ये याच कॉलेजात आला. निरनिराळ्या देशांतली आणि भाषांची मुले इथे शिकत आणि फी कोणालाच नव्हती. मग खर्च कोठून होई? तिसवाडीतली देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली होती. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न १५४१ मध्ये या नव्या संस्थेकडे वळवण्यात आले. म्हणजे त्या मोफत शिक्षणाची फी गोव्याच्या गावकऱ्यांनी भरली. ज्या येशूसंघाने फादर स्टीफन्ससारखा ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारा मराठीचा प्रेमी दिला, त्याच संघाच्या कॉलेजच्या जमाखर्चात ही नोंदही आहे. दोन्ही गोष्टी एकत्रच लक्षात ठेवायला हव्यात.

पुढे हा डोलारा कोसळला. पोर्तुगालने १७५९ मध्ये येशूसंघीयांना आपल्या मुलखांतून हाकलले आणि १७७३ मध्ये पोपनेच संघ बरखास्त केला. १८१४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला. पण लावून दिलेली जुनी उत्पन्ने बहुतेक गेली होती. व्रत कायम आणि तिजोरी रिकामी, अशी अवस्था झाली.

ही अडचण सर्वांत तीव्र झाली ती अमेरिकेत. तिथले पहिले कॅथलिक कॉलेज म्हणजे जॉर्जटाउन, स्थापना १७८९. वसतिगृहाचे पैसे घेता येत, पण शिकवण्याचे घेता येत नसत. याच नियमापायी वॉशिंग्टनमधली त्यांची एक शाळा १८२७ मध्ये बंद पडली. अखेर १८३३ मध्ये पोप सोळावे ग्रेगरी यांनी अमेरिकेतल्या येशूसंघीयांना फी घेण्याची सवलत दिली. आज अमेरिकेतल्या कॅथलिक विद्यापीठांचे शुल्क ऐकून आपले डोळे पांढरे होतात; त्या फीची पहिली परवानगी ही अशी आली.

पण परवानगी मिळूनही कर्ज फिटेना. मेरीलँडच्या येशूसंघीयांचे मळे होते आणि त्या मळ्यांवर गुलाम राबत. १८३८ मध्ये त्यांनी २७२ माणसे लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकायचा सौदा केला. कुटुंबांची ताटातूट करू नये आणि आलेला पैसा कर्ज फेडायला वापरू नये, अशा अटी रोमहून घातल्या गेल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. पैशाचा काही भाग जॉर्जटाउनच्या कर्जात गेला. २०१६ मध्ये विद्यापीठाने या माणसांच्या वंशजांना प्रवेशात विशेष विचार देण्याचे जाहीर केले आणि २०१७ मध्ये जाहीर क्षमा मागितली. जवळजवळ १८० वर्षांनी का होईना, फी कोणी भरली याचा हिशेब कॉलेजने स्वतः मांडला.

आता मुंबईकडे येऊ. १८५४ च्या वूडच्या खलित्याने खासगी शाळा-कॉलेजांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आखले. धर्म कोणताही असो, शिक्षण बरे असले आणि तपासणीला दार उघडे ठेवले की अनुदान. मात्र विद्यार्थ्याकडून थोडी तरी फी घेतली पाहिजे, असा आग्रह त्या खलित्यातच होता. म्हणजे ज्यांच्या पूर्वसुरींनी दारावर ‘मोफत’ अशी पाटी लावली, त्यांच्यावर आता सरकारच फी घ्या म्हणून सांगत होते! १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले आणि १८६९ मध्ये जर्मन येशूसंघीयांनी सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केले. कलकत्त्याचे झेवियर्स (१८६०) बेल्जियनांचे, मंगळूरचे सेंट अलॉयशियस (१८८०) इटालियनांचे, मद्रासचे लॉयोला (१९२५) फ्रेंचांचे. म्हणून एकाच संघाची ही कॉलेजे असली तरी प्रत्येकाचा तोंडवळा वेगळा आहे.

पहिल्या महायुद्धात मुंबईचे जर्मन फादर शत्रुराष्ट्राचे म्हणून स्थानबद्ध झाले आणि मायदेशी धाडले गेले. पुढे त्यांची जागा स्पॅनिशांनी घेतली आणि त्यातूनच झेवियर्सचे विषय घडले. स्पेनचे फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये आले. १९२६ मध्ये त्यांनी इतिहास संशोधनाची संस्था काढली, ती आज हेरास इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. कदंब घराण्याचा इतिहास लिहिणारे जॉर्ज मोराईश हे त्यांचेच विद्यार्थी. स्वित्झर्लंडचे फादर ब्लाटर रानोमाळ हिंडून वनस्पती गोळा करत. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही कॉलेजात आहे. तो पुढे वाढवणारे फादर सांतापाव भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. ही व्रतस्थ माणसे होती. त्यांचा पगार त्यांच्या खिशात जात नसे, संघाच्या सामाईक खात्यात जाई. विद्यार्थ्यांच्या फीचा काही भाग एका परीने या माणसांनीच भरला होता.

कॉलेज निवडताना मी म्हणूनच सांगतो, आधी ते कोणी काढले ते पाहा. सोफिया कॉलेज १९४० मध्ये धर्मभगिनींनी मुलींच्या उच्च शिक्षणासाठी काढले. समाजकार्य शिकवणारे निर्मला निकेतन १९५५ चे, तेही धर्मभगिनींचेच. इटलीतल्या तुरिन शहरात गरीब मुलांना हाताचे काम शिकवणाऱ्या जॉन बॉस्को यांच्या अनुयायांचा ओढा आजही तंत्रशिक्षणाकडे आहे. पुण्याचे ज्ञानदीप विद्यापीठ तत्त्वज्ञान आणि धर्मविद्येचे. त्याचे मूळ १८९३ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत निघालेल्या धर्मगुरूंच्या विद्यालयात आहे, जे १९५५ मध्ये पुण्याला आले. वसईत गोन्सालो गार्सिया या वसईच्याच संताच्या नावाचे कॉलेज आहे. ते स्थानिक मुलांसाठी निघाले. तिथल्या मुलीला रोज चर्चगेटची गाडी पकडावी लागू नये, हाही शिक्षणाच्या खर्चाचाच भाग आहे.

दुसरे पाहायचे ते अनुदान. स्वातंत्र्यानंतर अनुदानित कॉलेजांतल्या शिक्षकांचा पगार टप्प्याटप्प्याने सरकारने उचलला. त्यामुळे तिथल्या जुन्या बी.ए., बी.एस्सी.सारख्या अभ्यासक्रमांची फी आजही बरीच कमी असते. तिथे तुमच्या मुलाची फी मुख्यतः करदाता भरतो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट करून दिली. वांद्र्याचे फादर अॅग्नेल यांच्या परंपरेतले अभियांत्रिकी कॉलेज १९८४ चे, म्हणजे त्याच लाटेतले. मग २००० च्या सुमारास जुन्या कॉलेजांतही व्यवस्थापन, माध्यम, माहिती तंत्रज्ञान असे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम सुरू झाले. आता एकाच दगडी इमारतीत, एकाच जिन्याने वर जाणारी दोन मुले वेगवेगळी फी भरतात आणि दोघांच्या फीत काही पटींचा फरक असतो. म्हणून ‘झेवियर्सची फी किती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या अभ्यासक्रमाची, आणि तो अनुदानित आहे का?’ असे विचारले पाहिजे.

तिसरी गोष्ट जागांची. आपल्या राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. सेंट स्टीफन्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये निकाल दिला, की अनुदान घेणारी अल्पसंख्याक संस्था आपल्या समाजासाठी पन्नास टक्क्यांपर्यंत जागा ठेवू शकते. २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने हा आकडा सरसकट न ठेवता परिस्थिती पाहून राज्याने ठरवावा, असे म्हटले. वसईच्या ख्रिस्ती मुलाला या जागांचा लाभ होतो. दादरच्या कुलकर्ण्यांच्या किंवा कांबळ्यांच्या मुलाने आपली टक्केवारी उरलेल्या जागांशी ताडून पाहावी, म्हणजे मनस्ताप वाचेल.

सवलतींची चौकशीही आधीच करावी. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आर्थिक दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास घटकांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण माफी दिली. पण प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ती मिळत नाही. शिवाय अनेक कॉलेजांकडे माजी विद्यार्थ्यांनी ठेवलेल्या देणग्यांचे छोटे निधी असतात. कार्यालयात जाऊन विचारल्याशिवाय त्यांचा पत्ता लागत नाही. विचारायला संकोच करू नये.

देवळांच्या जमिनी, गुलामांची विक्री, फादरांचे न घेतलेले पगार, सरकारी अनुदान, पालकांनी काढलेले कर्ज; कॉलेजच्या प्रत्येक बाकाची किंमत आजवर कोणी ना कोणी मोजली आहे. आपले मूल ज्या बाकावर बसणार, त्याचे पैसे कोण भरतो आहे हे त्याला प्रवेशाच्या दिवशीच सांगावे. करदाता भरत असेल तर त्याची जाणीव राहील. आई-बाप भरत असतील तर घरात आधी मोकळेपणाने हिशेब होईल. आणि त्याच वर्गात एखादी जागा अशा मुलासाठीही असावी, ज्याच्यासाठी भरणारे कोणीच नाही. ती आहे का, हेही कॉलेजला जरूर विचारा.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)