मधली पायरी : राष्ट्र, जग आणि सीमेवरची मराठी घरे

वाचकहो, जागतिकीकरणाच्या काळात राष्ट्रीय अस्मितेचे काय होणार, हा प्रश्न दिल्ली-मुंबईच्या व्यासपीठांवर नेहमी विचारला जातो. उत्तरेही बहुधा दोनच मिळतात. एक म्हणते, जग जवळ आले, आता राष्ट्राचा अभिमान जुनाट झाला. दुसरे म्हणते, परकी वारे आत येत आहेत, दारे लावून घ्या. हाच प्रश्न तिगावात बसून विचारला तर उत्तर निराळे मिळते, असे मला वाटते. तिगाव, पांढुर्णा, सौंसर या पट्ट्यात आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आली आणि राज्य मात्र हिंदी भाषेचे. राष्ट्र, भाषा आणि जग या तिन्ही गोष्टी आपल्या ओसरीवर एकत्र नांदल्या आहेत. म्हणून या विषयावर बोलण्याचा आपल्याला थोडा अधिकार पोहोचतो.

प्रथम एक समज दूर करू. जग आपल्या दारी १९९१ नंतर आले, हे खरे नव्हे. देवगडच्या गोंड राज्यावर अठराव्या शतकाच्या मध्यास रघुजी भोसल्यांचा अंमल बसला आणि हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली आला. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने ते राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाड-नागपूरच्या काळ्या मातीकडे वळली. १८६७ मध्ये नागपूरला रेल्वे आली. १ जानेवारी १८७७ रोजी, ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. समुद्रापलीकडच्या लढाईने आपल्याकडच्या वावरातल्या बोंडाचा भाव ठरू लागला, त्याला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, जग ज्या काळात इथे शिरले त्याच काळात राष्ट्रही इथे उभे राहिले. पहिल्या महायुद्धाच्या वेळी सरकारने मौलाना महंमद अली आणि शौकत अली या बंधूंना छिंदवाड्यात नजरकैदेत ठेवले होते. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि असहकारावर शिक्कामोर्तब झाले. त्यानंतर लगेच, जानेवारी १९२१ मध्ये, गांधीजी छिंदवाड्यात येऊन गेले. १९२३ चा झेंडा सत्याग्रह तर याच प्रांतातला. त्याची ठिणगी जबलपुरात पडली आणि लढा नागपुरात पेटला. एक गाव हिंदी, दुसरे मराठी. देशभरातून सत्याग्रही आले, तुरुंगात गेले. राष्ट्राच्या झेंड्याचा हा मोठा लढा लढला गेला तो एका दुभाषी प्रांतात, ही गोष्ट आपण मुलांना सांगायला हवी.

नागपूरच्या त्या अधिवेशनात आणखी एक निर्णय झाला, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषेप्रमाणे रचायचे ठरवले. लोकांना राष्ट्रासाठी उठवायचे तर त्यांच्या भाषेत बोलावे लागेल, हे त्या पुढाऱ्यांना उमगले होते. शेतकरी इंग्रजी ठरावाने तुरुंगात जात नाही. घर, मग भाषा, मग राष्ट्र, मग जग अशी पायऱ्यांची वाट त्यांनी धरली. भाषेच्या या पायरीला मी मधली पायरी म्हणतो. पुढचे सारे विवेचन तिच्याविषयी आहे.

ही पायरी किती मजबूत असू शकते याचे एक उदाहरण आपल्याच जुन्या प्रांतात आहे. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ चा, रायपूरचा. म्हणजे तेही आपल्यासारखेच, हिंदी मुलखात जन्मलेले, मराठी घरातले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जाऊन त्यांनी डॉक्टरेट मिळवली, पत्नी जर्मन केली. आजच्या भाषेत हा माणूस पुरता ग्लोबल. पण परत येऊन त्यांनी काय केले? महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड मराठीत सिद्ध केले. त्या कामाची सुरुवातही नागपुरातच झाली. प्रस्तावनाखंडातल्या पहिल्या विभागाचे नाव आहे ‘हिंदुस्थान आणि जग’. जग मराठीत आणायचे, मराठी सोडून जगात जायचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

आता १९५६ कडे येऊ. ब्रिटिश काळात छिंदवाडा जिल्ह्याच्या दोन तहसिली होत्या, एक छिंदवाडा आणि दुसरी सौंसर. वरचा भाग हिंदी-गोंडीचा, खालचा सौंसरचा भाग मराठीचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना अमलात आली. तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा हे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा अखंड मध्य प्रदेशात राहिला. त्याच्याबरोबर आपणही राहिलो. आदल्या दिवशी जे नागपूर आपली राजधानी होते, ते दुसऱ्या दिवशी परराज्यातले शहर झाले. सोयरीक तिकडे, सातबारा इकडे अशी स्थिती झाली.

पण म्हणून काय तुटले? वर्धा नदी मुलताईच्या बाजूला उगम पावते आणि विदर्भात उतरते, तिला कोणी अडवले नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरला मारबत निघते आणि पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार होते. आम्हा जैनांचे मुक्तागिरी हे सिद्धक्षेत्र बैतूल जिल्ह्यात, पण यात्रेकरू चढतो तो परतवाड्याकडून. कोणत्या राज्यात दर्शन घेतले हे त्याला कोणी विचारत नाही. आपल्या लोकांनी १९५६ नंतर दंगा केला नाही, देशाशी मन फाटू दिले नाही. मुले हिंदी शाळेत शिकली, फौजेत गेली, सरकारी नोकरीत चढली. घरी मात्र ‘काहून रे पोट्ट्या’ चालूच राहिले.

हे आपोआप घडले नाही. त्याच वर्षी, १९५६ च्या जूनमध्ये, शेजारच्या सिंहलद्वीपात, तेव्हाच्या सिलोनमध्ये, ‘फक्त सिंहली’ असा कायदा झाला. एक राष्ट्र तर एकच भाषा, हा विचार युरोपातून आलेला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९४ मध्ये, पाद्री ग्रेग्वार यांनी गावोगावच्या बोली नष्ट करण्याची गरज सांगणारा अहवालच मांडला होता. सिलोनने ती वाट धरली. तमिळ माणूस परका झाला आणि पुढे तो देश कित्येक वर्षे यादवीत होरपळला. पाकिस्तानने पूर्व बंगालवर उर्दू लादली, १९५२ मध्ये ढाक्यात विद्यार्थ्यांचे रक्त सांडले आणि १९७१ मध्ये देशच दुभंगला. भारताने १९५६ मध्ये उलटे केले. सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. ज्या वर्षी आपण राज्याने अल्पसंख्य झालो, त्याच वर्षी संविधानाने आपल्या मुलांच्या भाषेची जबाबदारी घेतली. आपली राष्ट्रनिष्ठा टिकली त्यामागे हा विश्वास आहे.

आता आजचे पाहू. १९९१ नंतर सौंसरजवळ बोरगावचे औद्योगिक क्षेत्र वाढले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बियाण्याची पिशवी परदेशी तंत्राची झाली. आपला संत्रा ट्रकमध्ये चढला की पुढच्या बाजारात नागपुरी होतो. बांगलादेशाने आयातशुल्क चढवत नेले की विदर्भातल्या बागेचा भाव पडतो आणि त्याची झळ आपल्या बागेलाही लागते. घराघरातून एखादा मुलगा पुण्या-बंगळुरूला, एखादी नात परदेशात. यात वाईट काही नाही. माझी स्वतःची विद्या तरी कुठली? होमिओपॅथी जर्मनीतल्या हानेमानची. ती एकोणिसाव्या शतकात या देशात आली, १९७३ मध्ये तिच्यासाठी केंद्रीय परिषदेचा कायदा झाला आणि आज ती आयुष मंत्रालयात आयुर्वेदाच्या पंक्तीला बसते. परके ते सारे घातक, असे मी म्हणालो तर माझ्याच दवाखान्याची पाटी मला हसेल.

मग धोका कोणाला आहे? राष्ट्राला आहे असे मला दिसत नाही. क्रिकेटचा सामना असो की सीमेवरची बातमी, परदेशातल्या मुलांच्या अंगावरही काटा येतो. झेंडा त्यांच्या मोबाइलवरही आहे. निखळते आहे ती मधली पायरी. बाजाराला इंग्रजी लागते, राज्याला हिंदी लागते. मराठी कोणालाच लागत नाही, म्हणून आपणच ती सोडतो आहोत.

हे मला रोज दिसते. होमिओपॅथीत रोग्याचे स्वतःचे शब्द फार महत्त्वाचे असतात. म्हातारी आजी समोर बसली की सांगते, “डॉक्टर, सकाळी कळ निघते, दुपारी ठणकते, रातच्याला नुसते ठसठसते.” तिन्ही दुखणी निराळी, तिन्ही शब्द निराळे. मला विचारायला फारसे उरत नाही. तिचा नातू येतो. कुठे दुखते, कसे दुखते, विचारले तर म्हणतो, “पेन है.” हिंदीतही टीस आहे, चुभन आहे, पण ते शब्दही त्याला कोणी दिलेले नाहीत. मराठी गेली, तिच्या जागी हिंदी पुरती आली नाही, आणि इंग्रजी चार शब्दांपुरती आली. ज्याला आपले दुखणे सांगता येत नाही, त्याला आपला देश तरी कसा सांगता येईल? त्याचे राष्ट्रप्रेम खोटे आहे असे नाही. पण ते घोषणेवर उभे आहे, घरावर नाही. आणि घोषणा कोणाच्याही हाती लागू शकते.

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतील, डॉक्टरसाहेब, देशासाठी हिंदी पुरे, जगासाठी इंग्रजी पुरे, मग तिसरे ओझे कशाला? प्रश्न रास्त आहे, पोटाशी बांधलेला आहे, त्याची टिंगल करू नये. माझे उत्तर इतकेच की, भाषा हे ओझे असते तर आपल्या आजोबांनी ते कधीच खाली ठेवले असते. ते घरात मराठी बोलत, बाजारात हिंदी, कोर्टात उर्दूमिश्रित आणि कित्येक जण आदिवासी गड्यांशी गोंडीतून बोलत. एका वस्तूला अनेक अंगे असतात आणि प्रत्येक अंग आपापल्या जागी खरे असते, असे अनेकान्त सांगतो. मी मराठी आहे, मध्य प्रदेशचा आहे, भारतीय आहे. यातले एक खरे ठरवण्यासाठी दुसरे खोटे करावे लागत नाही. ते करावे लागते असे ज्यांनी मानले, त्या देशांचे हाल वर सांगितलेच आहेत.

तेव्हा काय करायचे? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आपणही मानला. पण अभिजातपणाने नातवाच्या तोंडात शब्द येत नाही. दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, जुन्या घराण्यांतल्या पेट्या उघडा. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, पण तिचे कागद अनेकांकडे अजून आहेत, त्यांत मोडीही असते. वाळवी लागण्याआधी ते बाहेर काढा, मोडी वाचणाऱ्याला दाखवा, मुलांना त्यावरचे आपल्या गावाचे नाव दाखवा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भाषिक अल्पसंख्यांसाठी देशात १९४९ पासून एक माप मान्य आहे. प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिकू इच्छिणारी ४० मुले असावीत, किंवा एका वर्गात १० असावीत, म्हणजे त्या भाषेचा शिक्षक मिळावा. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. १९५६ मध्ये छिंदवाड्याच्या मोठ्या हिशेबात आपण विरघळून गेलो होतो. आता जिल्ह्याचे दफ्तर आपल्या दारात आहे. अर्ज द्यायला भोपाळ गाठावे लागत नाही.

पण अर्जाखाली नावे लागतील. सरकार मराठी देत नाही, ही तक्रार आपण बैठकीत सहज करतो. वाचकहो, आपल्या गल्लीत, आपल्या भावकीत मोजून पाहा. मराठीच्या वर्गात बसवायला आपण स्वतः दहा मुले देऊ का? दहा मिळाली तर संविधान आपल्या बाजूला उभे आहे. नाही मिळाली, तर मधली पायरी कोणी काढली याचे उत्तर जागतिकीकरणाकडे मागू नये.