परक्या रस्त्यावरील पादचारी : एक ऐतिहासिक टिपण

परदेशातील रस्ते अपघातांची कारणमीमांसा करताना वेग, मद्यपान व रस्त्यांची अवस्था यांचाच विचार प्रामुख्याने होतो. अंगवळणी पडलेल्या सवयीचा क्वचितच. या दृष्टीने १३ डिसेंबर १९३१ ची न्यूयॉर्कमधील घटना उद्बोधक आहे. व्याख्यानदौऱ्यावर आलेले विन्स्टन चर्चिल रात्री स्नेही बर्नार्ड बरूक यांचे घर शोधत होते. फिफ्थ ॲव्हेन्यूवर तेव्हा दुहेरी वाहतूक होती. इंग्लंडमध्ये रस्त्याचा मध्य ओलांडल्यावर वाहने डावीकडून येतात. चर्चिल यांनी त्याच सवयीने डावीकडे पाहिले आणि उजवीकडून आलेल्या मोटारीने त्यांना धडक दिली. डोक्यास जखम झाली, पुढे छातीचा विकारही उद्भवला. दोष चालकाचा नसून आपला आहे, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले. या अपघातावर त्यांनी वृत्तपत्रात लेखही लिहिला, हे त्यांच्या स्वभावास धरूनच झाले!

चर्चिल यांना उपचार मिळाले, मित्रही भेटले. कोकणातून आखातात गेलेल्या मजुराच्या वाट्याला असे पाठबळ सहसा येत नाही. दिशाभेद मात्र तोच. बहारीनने १९६७ मध्ये डावी बाजू सोडून उजवी स्वीकारली. शेजारील देशांतही वाहतूक उजवीकडूनच चालते. १९४९ च्या जिनिव्हा करारान्वये प्रत्येक देशात वाहतुकीची बाजू एकच असावी असे ठरले. ती कोणती, हे त्या त्या देशावर सोपविण्यात आले. परदेशी वाहनचालकाच्या परवान्याचा विचार या करारात झाला. पादचाऱ्यास परवाना लागतच नाही.