लकवा, ललिताबाई आणि बघणारी माणसे



गावात कोणाच्या अंगावरून वारे गेले, की पहिले दोन दिवस त्या घरात पाय ठेवायला जागा नसते. तोंड किती वाकडे झाले, शब्द फुटतो का, हात उचलतो का, हे सारे बघून माणसे घरी जातात आणि चार ठिकाणी सांगतात. पुढे चौथ्या महिन्यात तोच माणूस काठी धरून खळ्यात पाऊल टाकायला शिकतो, तेव्हा मात्र बघायला कोणी नसते. जामसंड्यात काय किंवा मुंबईत काय, रीत एकच. माणूस नामांकित असला तर ही चौकशी वर्षानुवर्षे चालते. तिचा इतिहास पाहायचा तर ललिता पवार यांच्यासारखे दुसरे उदाहरण नाही.

ललिताबाईंचा जन्म १९१६ सालचा. चित्रपट मुका होता तेव्हा, १९२८ साली, त्या बालनटी म्हणून या धंद्यात आल्या. पगार महिना १८ रुपये. पुढे त्या नायिका झाल्या, 'कैलाश' या १९३२ च्या चित्रपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. १९४१ साली मास्टर विनायकांच्या 'अमृत'मध्ये त्यांनी काम केले. त्याची कथा वि. स. खांडेकरांची, कोकणच्या किनाऱ्यावरील एका गावातली. शिरोड्याच्या शाळेत अनेक वर्षे शिकविलेल्या या मास्तरांना कोकण काही परके नव्हते.

आणि १९४२ साली घात झाला. 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाचे चित्रण चालू होते. प्रसंगात मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती नको तेवढ्या जोराने बसली. डाव्या डोळ्याची शीर फुटली आणि चेहऱ्याला लकवा मारला. उपचार साधारण तीन वर्षे चालले. चेहरा सावरला, पण डावा डोळा बारीक झाला तो कायमचा. वय अवघे सव्वीस, आणि नायिकेच्या भूमिका संपल्या!

येथे एक गोष्ट समजून घ्यावी. अंगावरून वारे जाणे म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा तुटणे. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. ललिताबाईंचे दुखणे ते नव्हे. त्यांच्या चेहऱ्यालाच मार बसला होता. पण बघणाऱ्याला दोन्हींत एकच दिसते: वाकडा चेहरा. आणि आपल्याकडे वाकड्या चेहऱ्याचा अर्थ फार पूर्वीच ठरून गेला आहे. मंथरा कुबडी, शुक्राचार्य एकाक्ष! कपट दाखवायचे तर शरीरात खोट दाखवायची, ही गोष्टी सांगणाऱ्यांची जुनी सवय.

चित्रपटानेही तेच केले. उपचारांची वर्षे पुरती सरली नव्हती, तोच १९४४ च्या 'रामशास्त्री'मध्ये त्या आनंदीबाई झाल्या. 'ध'चा 'मा' करणारी म्हणून जिची दंतकथा प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असते, तीच ही आनंदीबाई. १९५० च्या 'दहेज'मध्ये त्या छळ करणारी सासू झाल्या. मग खाष्ट सासू म्हटली की ललिता पवार, असे समीकरणच झाले. १९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' आले, त्यात मंथराही त्याच. बारीक झालेला डोळा लोकांनी दुष्टाव्याची खूण म्हणून वाचला. तो एका अपघाताची खूण होती, हे कितीजणांच्या ध्यानात राहिले?

आपल्या दशावतारात असे होत नाही. रात्री संकासुर लाल जीभ दाखवून पोरांना भिववितो. सकाळी तोच भल्या माणसासारखा चहा पीत बसलेला असतो, आणि पोरेही त्याला ओळखतात. सोंग उतरलेले आपण डोळ्यांनी बघतो. पडद्यावरच्या माणसाचे सोंग उतरलेले दिसत नाही. म्हणून घोटाळा होतो.

पण ललिताबाईंची खरी कथा डोळ्यापाशी थांबत नाही. त्याच चेहऱ्याने त्यांनी १९५५ च्या 'श्री ४२०'मध्ये केळी विकणारी मायाळू बाई उभी केली. १९५९ च्या 'अनाडी'मधील मिसेस डिसा तोंडाने कडक आणि मनाने लोण्याहून मऊ. त्या भूमिकेला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही. १९९८ साली पुण्यात त्या वारल्या. अपघातापूर्वी चौदा वर्षांचे काम होते. नंतर चाळीस वर्षांहून अधिक. बरे होणे म्हणजे पहिल्यासारखे होणे नव्हे, तर उरलेल्या बळावर पुन्हा कामाला लागणे, हेच त्यातून दिसते.

परदेशातही हेच घडले आहे. पॅट्रिशिया नील ही अमेरिकन नटी. १९६५ साली, ती गरोदर असताना, तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. सुमारे तीन आठवडे शुद्ध नव्हती. एका चित्रपट-वृत्तपत्राने तर ती गेल्याची बातमी छापून टाकली! शुद्धीवर आली तेव्हा चालणे गेले, शब्द गेले. तिचा नवरा लेखक रोआल्ड डाल. त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पाळ्या लावल्या. लहान मुलाला शिकवावे तसे ते रोज तासन्‌तास तिच्याकडून शब्द म्हणवून घेत. त्याच वर्षी तिला निरोगी मुलगी झाली, आणि १९६८ साली ती पुन्हा पडद्यावर आली.

या शेजाऱ्यांकडे लक्ष द्या. तेही बघायलाच आले असतील. पण पाळी धरून बसले. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा उगवत नाही, परंतु सराव दिला तर शाबूत भाग त्याचे थोडेफार काम शिकून घेतो. त्याला माणसे लागतात आणि महिने लागतात. चौकशीला आलेल्या दहांपैकी दोघांनी आठवड्यातून एकेक तास दिला, तरी रोग्याचे भाग्य उजळेल.

आणि पहिली घटका दवडू नका. तोंड एकाएकी वाकडे झाले, एका हातातले बळ गेले, बोबडी वळली, तर अंगारा आणि मालिश यांत वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून मोठ्या इस्पितळाची वाट धरावी. रक्तवाहिनी गुठळीने तुंबली असेल तर गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. देवगडच्या टोकावरून ही वाट लांबची, हे ध्यानात ठेवून लवकर निघावे.

शिक्षकांना एवढेच सांगणे, की मंथरेचा पाठ शिकवाल तेव्हा एक वाक्य पुढे जोडा: तिचे वाईट होते ते मनात, पाठीच्या कुबडात नव्हे. वर्गात एखादे पोर तिरळे असेल, एखाद्याच्या आजोबांचे तोंड वाकडे असेल. ते वाक्य त्यांच्यासाठी आहे.