तीन पाळ्यांचा हिशोब

इद्दत म्हटलं की आपल्याला तलाक आणि वैधव्य आठवतं. पण तिच्या मुळाशी एक साधा प्रश्नही आहे: पोटात बाळ आहे की नाही? सूरह बकराच्या 228 व्या आयतीत तलाक झालेल्या स्त्रीला तीन 'कुरू' थांबायला सांगितलं आहे. हनफी, म्हणजे आपल्या मराठवाड्यातले बहुतेक मुसलमान, याचा अर्थ 'हैज' म्हणजे पाळी असा घेतात. कोकणातले शाफई 'तुहर' म्हणजे दोन पाळ्यांमधला पाकीचा काळ असा घेतात. वाद जुना आहे, पण मोजणी दोघांचीही पाळीवरच.

त्या मधल्या काळात गर्भ नेमका कधी राहतो, हे मात्र जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. 19 व्या शतकात युरोपातले अनेक डॉक्टर पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेचे आणि मधले दिवस बिनधोक मानत. खरं नेमकं उलट होतं. 1920 च्या दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी वेगवेगळं काम करून दाखवलं, की स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. म्हणून 28 दिवसांनी पाळी येणारीचं बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास, तर 35 दिवसांनी येणारीचं एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटतं. त्या दिवसांत अंगावरचा स्राव अंड्यातल्या पांढऱ्यासारखा पातळ आणि तार धरणारा होतो.

याच काळात मुंबईत र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक या विषयावर उघड बोलत होते. 1921 मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. पुढे 1950 च्या दशकात सरकारने दिल्लीत आणि म्हैसूर राज्यात बायकांना दिवस मोजायला रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. ते फारसं चाललं नाही. सगळ्यांची पाळी माळेसारखी ठरलेली नसते.

आज देवगाव रंगारीसारख्या गावात पाळी चुकली की लघवीच्या दोन थेंबांत उत्तर मिळतं. पण चाचणी करायची कधी, हे कळायला तारीख लक्षात हवी. गर्भ रुजताना काहींना थोडं रक्त दिसतं. ते पाळी समजलं, तर महिन्यांचा आणि इद्दतीचाही हिशोब चुकतो. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत नको ती औषधं पोटात जातात, ती वेगळीच.

ज्या दीनने बाईच्या दिवसांवर कायदा उभा केला, त्याच्या घरात मुलीला हे दिवस समजावून सांगायला लाज कसली?