डोपामाइन आणि उत्तेजक द्रव्ये

डोपामाइन हे मेंदूतील चेतापेशींचे संदेशवाहक रसायन होय. मध्यमेंदूतील काही पेशी ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून तयार करतात व सूक्ष्म पुटिकांत साठवून ठेवतात. त्याचे कार्य उलगडणारे स्वीडनचे अर्विद कार्लसन २००० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

उत्तेजक द्रव्ये स्वतः डोपामाइन निर्माण करीत नाहीत. कोकेन त्याला पेशीत परतू देत नाही. अ‍ॅम्फेटामाइन व मुंबईत ‘एमडी’ या नावाने विकले जाणारे मेफेड्रोन साठा बाहेर ढकलतात. म्हणूनच साठा किती आणि संदेश स्वीकारणारे ग्राही किती, यावर परिणामाची तीव्रता बऱ्याच अंशी अवलंबून असते. १९९९ मध्ये अमेरिकेत नोरा वोल्को यांच्या गटाने २३ निरोगी पुरुषांना मिथिलफेनिडेट हे उत्तेजक दिले. ज्यांच्यात डी-२ ग्राही कमी होते त्यांना ते सुखद वाटले, अधिक होते त्यांना अप्रिय.

दीर्घकाळच्या सेवनाने डोपामाइनचा स्राव व ग्राही दोन्ही घटतात; नेहमीचे आनंद फिके पडतात आणि मात्रा वाढत जाते. मेफेड्रोनचा समावेश २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्यात झाला. तथापि, ‘एकदाच घेऊन पाहू’ म्हणणाऱ्याचा मेंदू कसा प्रतिसाद देईल, हे त्याला आधी कळू शकत नाही.